उत्तरे पाठ झाली, प्रश्नांचे काय?

स्मरणिकेत यशाच्या नोंदी असाव्यात, हे योग्यच आहे. तथापि आम्ही माजी विद्यार्थी येथे एका उणिवेविषयी लिहू इच्छितो. आमच्यापैकी अनेकांनी इंग्रजीतून मुलाखती दिल्या. पाठ केलेली उत्तरे व्यवस्थित सांगता आली. अखेरीस समोरच्यांनी विचारले, ‘आपल्याला काही विचारायचे आहे का?’ आणि आम्ही ‘नो सर’ म्हणून उठलो. विचारायचे पुष्कळ होते: पगार, राहण्याची सोय, कामाचे नेमके स्वरूप. प्रश्न मनात मराठीत तयार होते. इंग्रजीत ते ओठांवर आले नाहीत.

ही उणीव बुद्धीची नाही, सरावाची आहे. शिक्षकांनी विचारावे व आम्ही उत्तर द्यावे, हीच वर्गातली रीत होती. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडले तरी प्रश्न होतो. इंग्रजीत बहुधा साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी आणावे लागते. म्हणूनच ‘वेअर डू यू लिव्ह?’ मधला ‘डू’ आमच्या तोंडून गळतो. ‘तुला कोणी सांगितले?’ आणि ‘तू कोणाला सांगितलेस?’ हा भेद मराठीत प्रत्यय सांभाळतात. इंग्रजीत तो वाक्याच्या रचनेतून कळतो: ‘हू टोल्ड यू?’ आणि ‘हू डिड यू टेल?’ असे नियम वहीत सहज उतरतात. जिभेवर यायचे तर रोज कुणाला तरी खरोखरच काही विचारावे लागते.

‘फ्रेझल व्हर्ब’ची मुलांना धास्ती वाटते. वास्तविक लिहून घेणे, लिहून देणे, लिहून ठेवणे आणि लिहून टाकणे यांतला फरक आपल्या मुलांना कुणी शिकवावा लागत नाही. त्याच जाणिवेने ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, ‘गिव्ह इन’ म्हणजे नमते घेणे आणि ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकणे, हे समजावता येईल. वाक्प्रचारांत मात्र सावध राहावे. ‘बर्न द मिडनाइट ऑइल’ हे आपल्या ‘रात्रीचा दिवस करणे’ याच्या जवळचे आहे. पण ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे कुणाचे पाय ओढणे नव्हे, थट्टा करणे होय. मराठी पक्की असेल तरच हे साम्य आणि हा भेद दोन्ही दिसतात. म्हणून इंग्रजीसाठी मराठी बाजूला सारावी, हे मत आम्हांस मान्य नाही.

सर्वांत महत्त्वाचे शब्द स्वभावाचे. ‘तो कसा आहे?’ या एका मराठी प्रश्नात प्रकृती व स्वभाव दोन्ही मावतात. इंग्रजीत प्रकृतीसाठी ‘हाऊ इज ही?’ आणि स्वभावासाठी ‘व्हॉट इज ही लाइक?’ असे विचारतात. याचे उत्तर स्वतःविषयी द्यायची वेळ आली की आमची मुले अडखळतात. ‘पुअर’, ‘वीक’, ‘शाय’ हे शब्द त्यांना लवकर कळतात, कारण ते इतरांनी त्यांना चिकटवलेले असतात. ‘स्टबर्न’ म्हणून हिणवल्या गेलेल्या मुलीला ‘डिटरमिन्ड’ हा शब्दही ठाऊक हवा. वसतिगृहात धाकट्यांना सांभाळणाऱ्या मुलाला आपण ‘रिस्पॉन्सिबल’ आहोत, हे संकोच न बाळगता सांगता यावे.

यासाठी आमची सूचना साधी आहे. रोज सायंकाळी अर्धा तास एका विद्यार्थ्याने पुढे बसावे आणि इतरांनी त्याला इंग्रजीतून प्रश्न विचारावेत. चुकल्यास कुणी हसू नये. शिक्षकांनी चुका टिपून घ्याव्यात आणि शेवटी एकत्र समजावाव्यात. आम्ही माजी विद्यार्थी पाळीपाळीने येऊन पुढच्या आसनावर बसू. मुलाखतीत जे विचारता आले नाही, ते मुलांनी आम्हांलाच विचारावे.

तेव्हाच्या औरंगाबादेत बाबासाहेबांनी उभारलेल्या महाविद्यालयाचे नाव मिलिंद आणि त्याच्या परिसराचे नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, दोघांनाही तेथे स्थान आहे. आपल्या वर्गातही तसे असावे.

पालकांनाही एक विनंती. सुटीत मूल घरी आले की ‘किती गुण मिळाले?’ याच्या आधी ‘वर्गात काय विचारलेस?’ असे विचारावे. त्यासाठी इंग्रजी येण्याची गरज नाही.