हुन्नराला बाप्तिस्मा नसतो

मिशनऱ्यांचा विषय निघाला की कल्याण-डोंबिवलीत दोन ठरलेली मतं ऐकू येतात. पहिलं असं : शाळा, दवाखाने, सुतारशाळा, विणकामाचे माग हे सगळं गळाला लावलेलं आमिष होतं, खरा डाव धर्मांतराचा. दुसरं मत नेमकं उलट : ते लोक सातासमुद्रापलीकडून आले म्हणून आपल्याकडे छपाई आली, कारखाना आला, नाहीतर आपण होतो तिथेच राहिलो असतो. ही मतं मांडणारे एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण एका बाबतीत त्यांचं एकमत आहे. दोघांच्याही लेखी इथला माणूस म्हणजे मातीचा गोळा. एकाच्या हिशेबी तो फसलेला, दुसऱ्याच्या हिशेबी उपकारात बुडालेला. त्याने काही पारखून घेतलं असेल, काही ठामपणे नाकारलं असेल, हे दोघांच्याही गावी नाही.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. धर्मशास्त्रात मला गती नाही. पण हुन्नर एका हातातून दुसऱ्या हातात कसा जातो, हे पाहण्यातच माझी नोकरी गेली. त्या अंगाने हे दोन्ही दावे तपासून पाहू.

आधी आमिषाचा दावा. बासेल मिशनचे लोक १८३४ मध्ये मंगळूरला आले. ज्यांनी धर्म बदलला त्यांना जातीने बाहेर काढलं, आणि जातीबरोबर धंदाही गेला. या माणसांच्या पोटाचं काय करायचं, हा प्रश्न मिशनपुढे उभा राहिला. शेती करून पाहिली, घड्याळाचं काम करून पाहिलं. जम बसला तो विणकामात, आणि मग १८६५ मध्ये गेओर्ग प्लेब्स्टने सुरू केलेल्या कौलांच्या कारखान्यात. म्हणजे क्रम असा : आधी धर्मांतर, मग उपासमार, मग कारखाना. आमिष आधी दाखवावं लागतं. हे नंतर आलं.

आता प्रतिपक्षाचं खरं असेल तेवढं मान्य केलं पाहिजे. कारखाना एकदा उभा राहिल्यावर पुढच्या माणसाला तो दिसत होताच. पोटाची सोय पाहून चर्चची पायरी चढलेले कोणी नसतीलच, असं मी म्हणणार नाही. शिवाय मिशनच्या छापखान्यांतून निघालेल्या अनेक पत्रकांत आपल्या देवदेवतांची यथेच्छ टवाळी होती, तिचंही समर्थन करण्याचं कारण नाही. पण आमिषाचं एक लक्षण असतं : मासा गळाला लागला की त्याचं काम संपतं. हुन्नराचं तसं होत नाही. तो शिकलेला माणूस उद्या मालकाला रामराम ठोकून चालता होतो आणि जाताना हुन्नर बरोबर नेतो. ज्याला माणसं बांधून ठेवायची आहेत, त्याने त्यांना कारागिरी शिकवण्यासारखा मूर्खपणा दुसरा नाही.

याचा पुरावा मुंबईतच आहे. अमेरिकन मिशनने १८१७ मध्ये इथे छपाई सुरू केली ती ख्रिस्ती पुस्तकांसाठी. या छापखान्यात गणपत कृष्णाजी नावाचा भंडारी समाजातला माणूस काम करत होता. शिळाछापाचं तंत्र त्याने पाहिलं, लाकडी यंत्र स्वतः जुळवलं, शाई स्वतः खटपट करून तयार केली आणि १८३१ मध्ये छापलं काय, तर पंचांग! पुढे याच मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी हा पोरका मुलगा महिना दोन रुपयांवर खिळे घासायला लागला. टाइप ओतायचं काम तो तिथल्या थॉमस ग्रॅहमच्या हाताखाली शिकला. पोलादावर अक्षराचा उलटा ठसा कोरायचा, तो तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिशाचा रस ओतायचा, आणि थंड झालेला खिळा घासून असा तयार करायचा की शेजारच्या खिळ्यापेक्षा तो केसभरही उंच राहता कामा नये. उंच राहिला तर कागद फाटतो, बुटका राहिला तर अक्षर उठत नाही. हे शिकून जावजींनी १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरं कोरणारा मित्र जोडीला होता. निर्णयसागरच्या काव्यमालेने संस्कृत ग्रंथ असे शुद्ध आणि देखणे छापले की परदेशातले पंडितही त्या प्रती प्रमाण मानत. शुभवर्तमान छापायला आलेल्या यंत्राच्या शागिर्दाने कालिदास छापला. डाव धर्मांतराचा होता म्हणता? असेल. पण मग तो हुन्नरानेच उधळला, हेही म्हणा.

आता उपकाराचा दावा. ‘त्यांनी दिलं’ हे वाक्य आपण फार सैल वापरतो. गणपत कृष्णाजींना शाईची कृती कोणी हातात ठेवली नव्हती. कल्याणच्या जोशांच्या लेकीचंच पाहा. आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी त्यांचे पती गोपाळराव यांनी वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डरनी ते अमेरिकेतल्या आपल्या मासिकात छापलं, पण उत्तरात धर्मांतराची भाषा केली. ती अट मान्य झाली नाही. मासिकातला मजकूर वाचून थिओडोशिया कार्पेंटर या बाई मदतीला उभ्या राहिल्या, आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर झालेली आनंदीबाई गेली तशी हिंदूच राहिली. हे उपकार घेणाऱ्याचं वागणं नव्हे. हे बाजारात चार दुकानं फिरून हवं तेवढंच घेणाऱ्या चोखंदळ माणसाचं वागणं आहे.

मंगळुरी कौलाचीही तीच गोष्ट. पूर्वी आपल्याकडे नळीची कौलं असत. ती एकावर एक चढवायची, आणि पावसाळ्याआधी दरवर्षी माणूस वर चढवून सगळं छप्पर चाळून घ्यायचं. मंगळुरी कौलाला कडेला खोबण असते. एका कौलाची कड दुसऱ्याच्या खोबणीत बसते, म्हणून एकच थर पुरतो, वजन कमी, गळती कमी. कल्याणात पारनाक्याच्या बाजूला जुनं घर पाडलं जात होतं, तेव्हा उतरवलेल्या ढिगातलं एक कौल मी उलटं करून पाहिलं. पाठीवर बासेल मिशनचं नाव आणि १८६५ हे साल उठवलेलं. खोबण अजून बोटाला धारदार लागत होती. आता हे लक्षात घ्या : पहिलं महायुद्ध पेटल्यावर बासेल मिशनचे जर्मन मिशनरी ब्रिटिशांनी स्थानबद्ध केले आणि त्यांचे कारखाने काढून घेतले. उपकारकर्तेच गेले! कौलं बंद पडली का? एव्हाना किनाऱ्यावर इथल्या माणसांच्या भट्ट्या कधीच पेटल्या होत्या.

मग मिशनचं श्रेय काहीच नाही? आहे, आणि ते मोठं आहे. आपल्याकडे कारागिरीची वाण कधीच नव्हती. पण सुतारकी सुताराच्या घरात, विणकाम साळ्याच्या घरात कोंडलेलं होतं. मिशनच्या कारखान्याने ही कोंडी फोडली. ज्याच्या सात पिढ्यांनी धोटा हातात धरला नाही, त्याला मागावर बसवलं. मंगळूरच्या विणशाळेत हे झालं, नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या उद्योगशाळेत हे झालं. तिथे चर्चिल नावाच्या अमेरिकन अभियंत्याने सुधारलेला हातमाग घडवला. मी वर्गात नव्या मुलाला पहिलं काम देत असे ते लोखंडी तुकडा कानशीने सपाट करायचं. तो व्हाइसमध्ये धरायचा, दोन्ही हातांनी कानस चालवायची, मग ट्राय स्क्वेअर लावून खिडकीकडे धरायचा. पातं आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसला की पुन्हा कानस. त्या उजेडापुढे आडनाव चालत नाही.

इथे तिसरा पक्ष पुढे येतो. तो वादात बोलत नाही, पण घरोघर वागतो. त्याचं म्हणणं : मिशनने कॉलेजं काढली ती खरी सेवा, कारखाने काढून काय केलं, तर कामगार घडवले. हाच माणूस दहावीच्या निकालानंतर म्हणतो, “टक्के नाहीत ना, मग आयटीआयला टाका.” टाका! जसं काही भंगारात टाकतोय. हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. विल्यम कॅरी मूळचा इंग्लंडातला जोडे शिवणारा कारागीर. १७९३ मध्ये तो बंगालला आला. श्रीरामपूरला त्याच्या जोडीला विल्यम वॉर्ड हा छपाईवाला होता. तिथूनच १८०५ मध्ये कॅरीने मराठीचं व्याकरण छापलं. मदतीला पंडित वैजनाथ होते. तरी त्याच्या मायदेशातले विद्वान त्याला जोडेशिव्या म्हणून हिणवत होते. हाताने काम करणाऱ्याला डोकं असतं, हे मान्य करायला तिथल्या शहाण्यांनाही जड गेलं.

या तिसऱ्या पक्षाला उत्तर काळानेच दिलं आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. त्यांना हवेत इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, परिचारिका. बासेल मिशनच्या पुष्कळ मिशनऱ्यांचं गाव याच वुर्टेम्बर्गात होतं. ज्या मुलखाने आपल्याकडे कारागीर पाठवले, तो आज आपल्याकडे कारागीर मागतो आहे. आणि आपण मात्र पोराला टक्के कमी पडले म्हणून वर्कशॉपला पाठवतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. परक्या देशात जाऊन केलेली सेवा मोजायची असेल तर किती डोकी मोजली, किती चर्चं बांधली याने मोजू नये. सेवा करणारा निघून गेल्यावर मागे राहिलेल्या माणसाच्या हाताला काय येतं, याने मोजावी. या मापाने पाद्र्याच्या प्रवचनापेक्षा ग्रॅहमचा साचा सरस ठरतो. आणि ज्यांना मिशनऱ्यांना उत्तर द्यायचं आहे, त्यांच्यासाठी वाटही मळलेली आहे. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मिशनऱ्यांशी वाद घातला, तो योग्यच होता. पण अंताजी दामोदर काळ्यांनी घरोघर पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना काढला आणि मराठी पोरांना काच फुंकायला शिकवलं, हे उत्तर जास्त टिकाऊ होतं. आज मिशनच्या नावाने बोटं मोडणाऱ्या संघटना कल्याणात कमी नाहीत, मिशनच्या शाळेत प्रवेशासाठी रांग लावणारेही कमी नाहीत. दोघांनीही मिळून एक वर्कशॉप काढावं. मशीन लावायला आणि पहिली तुकडी शिकवायला मी येतो, मानधन नको.