हाडांची नावं पाठ नकोत, हाताला लागू देत



दोन वर्षांपूर्वी खो-खो खेळताना चौथीतला एक मुलगा पडला. नडगी धरून ओरडत होता. आम्ही मोठ्यांनी काय केलं? एकाने पाय ओढून सरळ केला, दुसऱ्याने पोटरी चोळायला घेतली आणि मी गुडघ्याखाली ओढणी करकचून बांधली. नडगीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, मोडलेलं हाड असं हलवलं की त्याचं टोक आजूबाजूच्या रक्तवाहिनीला, मज्जातंतूला लागू शकतं. नशिबाने तसं झालं नाही. आणि गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी 'प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे' हे वाक्य वर्गाकडून पाठ करून घेतलं होतं!

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. शरीराचा पाठ फळ्यावर नको, स्वतःच्या अंगावर शिकवावा.

आता जरा तुमच्याच पायाला हात लावा बरं. गुडघ्याखाली पुढे कडक कडा लागते, ती नडगी. तिथे हाडावर मांसाची गादी नाही, फक्त कातडी. म्हणून बाकाचा कोपरा लागला की जीव जातो. शरीराचा बहुतेक भार हेच जाड हाड पेलतं. त्याच्या बाहेरच्या बाजूला दुसरं बारीक हाड असतं. घोट्याचा आतला उंचवटा जाड हाडाचा, बाहेरचा बारीक हाडाचा.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, एक छोटा गोल उंचवटा लागेल. ते बारीक हाडाचं वरचं टोक. त्याच्या जरा खाली एक मज्जातंतू हाडाला वळसा घालून कातडीच्या अगदी जवळून जातो. पाऊल वर उचलायचा निरोप तोच नेतो. तिथे घट्ट बांधलं आणि तो दाबला गेला, तर पाऊल लुळं पडू शकतं. माझी ओढणी तिथेच होती.

आता आतल्या घोट्याच्या मागे दोन बोटं हलकेच ठेवा. ठोके लागतात? ती धमनी, तळपायाला रक्त नेणारी. आणि टाचेच्या वर जी जाड 'शीर' आपण म्हणतो, ती शीर नाहीच. पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारा तो मजबूत दोर आहे. बोलताना आपण सगळ्यालाच शीर म्हणतो, तिथेच मुलांचा गोंधळ होतो.

काही जण म्हणतील, "एवढ्या लहान मुलांना हे कशाला?" अहो, अवघड नावं नकोतच. प्रत्येकाने आपापला पाय चाचपायचा, बस्स. माझ्या वर्गात आता मुलंच सांगतात: कुणी पडलं आणि पाय वाकडा दिसला किंवा टेकवतच नसेल, तर ओढायचा नाही, चोळायचा नाही. आहे तसा आधार द्यायचा, बोटं उघडी ठेवायची, ती गार किंवा निळसर पडतायत का, मुंग्या येतायत का, ते बघायचं आणि मोठ्यांना सांगून १०८ ला फोन करायचा.

पालकहो, आज रात्री जेवणानंतर मुलांसोबत दहा मिनिटं हे करून बघा. परीक्षेत याला गुण नसतील. पण मैदानावर एखाद्याचा पाय वाचेल.