क्लचवरचा पाय

रविवारची सकाळ. खंबाटकी घाट. शेजारी बाबा, मागच्या सीटवर आईसाठी घेतलेले बाकरवडीचे पुडे आणि स्टिअरिंगवर मी. एकदम निवांत. पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायचं म्हणून अॅक्सिलरेटर दाबला आणि... इंजिनानं बोंब ठोकली! आरपीएमचा काटा साडेतीन हजारांवर, स्पीड मात्र चाळीसचा चाळीसच. पाठोपाठ काहीतरी जळल्याचा वास.

मी काचा खाली केल्या. म्हटलं, ट्रकचा वास असेल. बाबा समोर बघत शांतपणे म्हणाले, "आपलाच आहे. क्लच गेला."

हळूहळू, पायाखाली अंडं ठेवल्यासारखा अॅक्सिलरेटर देत घाट चढलो. मागून हॉर्नचा ऑर्केस्ट्रा. सुरूर फाट्यावर चहाला थांबलो, तेव्हा माझे हात थरथरत होते. बाबांनी माझ्या बशीत चहा ओतला आणि काहीच बोलले नाहीत. हे त्यांचं नेहमीचंच.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. २०१४ ची डिझेल हॅचबॅक. बाबा शाळेतून रिटायर झाले, तेव्हा फंडाच्या पैशातून घेतलेली. आमच्या घरातली पहिली गाडी! तीन वर्षांपूर्वी रात्रीचं नीट दिसेना, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तुला कामाला लागते," एवढंच म्हणाले. आज मीटर १ लाख २२ हजारांवर आहे.

पुण्यात परतल्यावर सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या टाय लावलेल्या मुलानं गाडी पाहिली, कॉम्प्युटरवर टकटक केलं आणि एस्टिमेटचा कागद पुढे सरकवला. ६८ हजार ४०० रुपये. क्लच सेट अधिक फ्लायव्हील अधिक लेबर. फ्रीलान्सरला हा आकडा कसा दिसतो, हे पगाराची एक तारीख असणाऱ्यांना नाही कळणार! माझे दोन महिन्यांचे लेख एका कागदावर संपले होते.

मग सुरू झाले मित्रमंडळींचे सल्ले. एक म्हणाला, "विकून टाक, ईएमआयवर नवीन घे." दुसरी म्हणाली, "नुसती क्लचप्लेट बदल, फ्लायव्हीलला हातच लावू नको." तिसरा तर एक्स्पर्टच. "साधं फ्लायव्हील बसवून घे, वीस हजारांत काम!" मी घरी फोन करून सहज विचारलं, "बाबा, विकायची का?" पलीकडे शांतता. मग, "तू म्हणशील तसं." आता या वाक्यानंतर कोण विकणार सांगा!

तर बॉस, आधी फंडा समजून घेऊ. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या टोकाला बसवलेली जड चकती. इंजिनाची ताकद सलग येत नाही, धक्क्याधक्क्यानं येते. ते धक्के ही चकती आपल्या वजनानं सांभाळून घेते. क्लचप्लेट या चकतीला चिकटली की ताकद गिअरबॉक्समध्ये जाते, आणि आपण पेडल दाबलं की दोघांची फारकत. प्लेटवरचं अस्तर झिजलं की ती घट्ट चिकटत नाही, घसरते. म्हणून इंजिन ओरडतं आणि गाडी हलत नाही.

जुन्या मारुती ८०० सारख्या पेट्रोल गाड्यांत हे फ्लायव्हील म्हणजे लोखंडाचा एकसंध तुकडा. चरे पडले असतील तर लेथवर फेसिंग मारून घ्यायचं, नवीन क्लच सेट टाकायचा, विषय संपला. तडे गेले असतील तरच बदलायचं.

बऱ्याच डिझेल गाड्यांत मात्र ड्युअल मास फ्लायव्हील असतं. लूक या जर्मन कंपनीनं १९८५ मध्ये हा प्रकार उत्पादनात आणला. एकाऐवजी दोन चकत्या, जात्याच्या दोन दगडांसारख्या एकावर एक, आणि मध्ये ग्रीसमध्ये बसवलेल्या लांब, वाकड्या स्प्रिंगा. डिझेल इंजिनाचे दणके या स्प्रिंगा गिळतात, म्हणून गिअरबॉक्सला आणि आपल्या पाठीला ते जाणवत नाहीत. गंमत इथेच संपते. स्प्रिंगा थकतात, ग्रीस आटतं, आणि याला फेसिंग मारून भागत नाही. संपलं की नवीनच घ्यावं लागतं.

म्हणजे माझ्यापुढे तीन रस्ते होते. फक्त क्लच, साधं फ्लायव्हील, किंवा दोन्ही ओरिजिनलसारखं. उत्तर मिळालं नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या एका छोट्या गॅरेजात. बाबा मुद्दाम साताऱ्याहून एसटीनं आले होते.

गॅरेजवाल्या काकांनी आधी हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. धड क्लच असता तर इंजिन तिथंच बंद पडायला हवं होतं. आमचं आरामात चालू! "क्लच तर गेलाच," काका म्हणाले. "पण फ्लायव्हीलचं आत्ता बोलायचं नाही, ताई. गिअरबॉक्स उतरवला की दिसंल. न बघता जो सांगतो, तो अंदाज विकतो."

गिअरबॉक्स खाली आला. क्लचप्लेट पाहिली, रिव्हेटपर्यंत झिजलेली. मग काकांनी फ्लायव्हीलची बाहेरची चकती दोन्ही हातांनी धरून फिरवली. थोडी हालचाल चालते, किती ते कंपनी मॉडेलप्रमाणे ठरवून देते. आमची चकती मात्र मोकळी फिरत होती. पुढं-मागं हलवली तर खटखट आवाज. कडेला ग्रीस उडालेलं, पृष्ठभागावर निळे-काळे डाग. गाडी बंद करताना येणारा जो 'खडक्' मी वर्षभर ऐकून न ऐकल्यासारखा करत होते, तो इथून येत होता.

म्हणजे पहिला रस्ता बंद. जुन्याच फ्लायव्हीलवर नवीन क्लच टाकला असता, तर वर्ष-सहा महिन्यांत पुन्हा गिअरबॉक्स उतरवा, पुन्हा लेबर द्या.

दुसरा रस्ता मोहाचा. "साधं बसतं," काका म्हणाले. "टुरिस्टवाले बसवतात, गाड्या पळतात. पण मग क्लचप्लेटही वेगळी लागते, स्प्रिंगवाली. तुमची आत्ताची प्लेट बिनस्प्रिंगची आहे, कारण स्प्रिंगा फ्लायव्हीलमध्येच आहेत. नुसतं साधं फ्लायव्हील आणि हीच प्लेट टाकली तर दणका सगळा गिअरबॉक्सला. आणि पूर्ण किट टाकलं तरी आयडलला थोडी थरथर राहणार. वर्षभरात विकायची असंल तर बोला."

मी हिशेब केला. गाडीला २०२९ मध्ये पंधरा वर्षं होतील. तेव्हा आरटीओत फिटनेस, पुनर्नोंदणी, पर्यावरण कर वगैरे ठरवता येईल. तोवर तरी ती हवीच. बॉडीला गंज नाही, इंजिन उत्तम. तिसरा रस्ता पक्का झाला.

पण गाडीच्या कंपनीच्या डब्यातूनच घ्यायला हवं असं नाही. क्लच बनवतात लूक, वॅलिओ, एक्सेडीसारख्या कंपन्या, आणि गाडीवाल्यांना माल पुरवणाऱ्याही त्याच. जो मूळ सप्लायर, त्याच्याच डब्यातला पार्ट बाहेर स्वस्त मिळतो. फक्त चेसिस नंबरवरून पार्ट नंबर जुळवून घ्यायचा, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन-दोन प्रकार निघतात. आणि बिल पक्कं घ्यायचं. बिलाशिवाय थोडा सुटतो, पण मग वॉरंटीही सुटते!

माझं बिल असं झालं. फ्लायव्हील २७,५००. क्लच सेट, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, ९,८००. क्रँकचं ऑइल सील, फ्लायव्हीलचे नवीन बोल्ट आणि गिअर ऑइल मिळून २,७००. लेबर ६,५००. एकूण ४६,५००. स्वस्त नाहीच. पण एस्टिमेटपेक्षा जवळजवळ बावीस हजार कमी, आणि प्रत्येक रुपया कुठे गेला ते डोळ्यांनी पाहिलेलं.

आता खरी गोष्ट. काम संपत आलं, तेव्हा काकांनी जुनी प्लेट हातात घेऊन विचारलं, "चालवतं कोण? हाफ क्लचची सवय आहे. सिग्नलला गिअरमध्ये पाय दाबून उभं राहायचं, चढाला क्लचवर गाडी तोलायची. त्याशिवाय अशी जळत नाही."

मला लगेच हिंजवडीचा रोजचा जॅम आठवला. डावा पाय कायम पेडलवर. गाणी चालू, फोनवर एडिटर, आणि क्लच बिचारा जळतोय. मी तोंड उघडणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "मीच चालवायचो. जुनी सवय."

जो माणूस सिग्नलला न चुकता न्यूट्रल करून हँडब्रेक ओढतो, तो हे म्हणाला! काकांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि हसून हात पुसायला निघून गेले. त्यांना कळलं होतं. आम्हा तिघांनाही कळलं होतं.

पैसे मी दिले. दोन हप्त्यांत, काकांनी मोठ्या मनानं मान्य केल्यावर. बाबांनी पाकीट काढलं होतं, मी ते परत खिशात घालायला लावलं. त्या दिवशी एवढंच हातात होतं.

तुमचीही गाडी वयात आली असेल तर...

- चढाला आरपीएम वाढतो पण स्पीड नाही? घसरणारा क्लच. लांबच्या प्रवासाआधी दाखवा.
- गाडी सुरू किंवा बंद करताना खडखड, आयडलला थरथर? डिझेल असेल तर फ्लायव्हीलवर संशय घ्या.
- गिअरबॉक्स उतरलाच आहे तर रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील बघून घ्याच. लेबर एकदाच पडते.
- काढलेले जुने पार्ट मागून घ्या आणि स्वतः बघा.
- नवीन क्लचला पहिले ५०० किलोमीटर जपा. रेसिंग नको, ओव्हरलोड नको.

परवा बाबांना साताऱ्याला सोडायला निघाले. कात्रजच्या सिग्नलला लाल दिवा लागला. न्यूट्रल, हँडब्रेक, डावा पाय खाली. बाबांनी माझ्या पायाकडे एकदा पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "या वेळी बाकरवडी जरा जास्त घे."