फीवरचा कर

इंग्रजी भाषेतले काही शब्द चक्क उलट्या अर्थाने नांदतात. ‘पब्लिक स्कूल’ हा त्यांतला पहिल्या प्रतीचा. नावात पब्लिक, आणि फी अशी की पब्लिकने फाटकाबाहेरूनच हिरवळ पाहावी! मौज अशी की आरंभी हा शब्द खोटा नव्हता. विंचेस्टरची शाळा १३८२ साली स्थापन झाली ती सत्तर गरीब मुलांसाठी. ईटनची १४४० साली सहाव्या हेन्री राजाने काढली तीही सत्तर गरीब मुलांना फुकट शिकविण्यासाठीच. आज ईटनची वर्षाची फी साठ हजार पौंडांच्या वर गेली आहे. भाषेच्या मास्तराला अशा शब्दांचे कौतुक वाटते. पण यंदा या शब्दाकडे वळलो तो करामुळे.

झाले ते असे. विलायतेत मूल्यवर्धित कर १९७३ साली आला, तेव्हापासून शाळेच्या फीला त्यातून माफी होती. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष अधिकारावर आला आणि त्याने ही माफी काढली. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर वीस टक्के कर! २९ जुलै २०२४ पासून पुढच्या सत्रांची फी आगाऊ भरून कर चुकवू पाहणारालाही तो सुटणार नाही, अशी पाचर मारून ठेवली. पुढे एप्रिलमध्ये, इंग्लंडातील ज्या शाळा धर्मादाय म्हणून नोंदलेल्या होत्या त्यांना जागेच्या करात मिळणारी ऐंशी टक्के सूटही गेली. येणाऱ्या पैशाचा हिशेबही सरकारने सांगितला : सरकारी शाळांना साडेसहा हजार नवे शिक्षक.

कराच्या बाजूचे म्हणणे सरळ आहे. तिकडे शंभरातील त्र्याण्णव मुले सरकारी शाळेत जातात. उरलेल्या सातांचे पालक जी सेवा विकत घेतात तिला माफी का? शिवाय ही सात साधीसुधी नव्हेत. सटन ट्रस्टच्या २०१९ च्या पाहणीत वरिष्ठ न्यायाधीशांपैकी पासष्ट टक्के खासगी शाळांत शिकलेले निघाले. एवढ्या आकड्यावरून मला तरी कराचे तत्त्व पटते.

पण तत्त्व पटले म्हणून पावती पटतेच असे नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे असते. नवराबायको दोघेही नोकरी करतात. धाकट्या मुलाला अक्षरे लागत नाहीत; डिस्लेक्सिया म्हणतात तो प्रकार. सरकारी शाळेत तीस मुलांच्या वर्गात तो गप्प बसून राही, म्हणून एका लहानशा खासगी शाळेत घातला. आता नियम असा की स्थानिक मंडळाने अशा मुलाच्या गरजेचा अधिकृत कागद करून त्यात त्या शाळेचे नाव घातले, तर फी मंडळ भरते आणि कर त्याला परत मिळतो. कागद नसेल तर फीही पालकांची आणि करही पालकांचा. हिच्याकडे कागद नाही. तिने लिहिले, “सर, आपण श्रीमंत आहोत हे आम्हांला जानेवारीत कळले.”

आणखी एक गंमत करांच्या तपशिलात दडलेली आहे. फीवर कर आला म्हणजे शाळेला स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर वजा करून घेता येतो. मोठ्या इमारतींच्या बाबतीत तर मागल्या दहा वर्षांतल्या बांधकामावरचा काही भागही परत मिळू शकतो. म्हणजे ज्या शाळेने पोहण्याचा तलाव आणि नाट्यगृह बांधले तिला सरकारकडून काही येणे. आणि जिचा बहुतेक खर्च शिक्षकांच्या पगारावर, तिला जवळजवळ काही नाही, कारण पगारावर हा कर नसतोच. नेम ईटनवर धरला होता खरा!

विरोधक न्यायालयात गेले. त्यांत अपंग मुलांचे पालक होते, विशिष्ट धर्मपंथांच्या लहान शाळा होत्या. लंडनच्या उच्च न्यायालयाने १३ जून २०२५ रोजी त्यांचे दावे फेटाळले. असे धोरण ठरविण्याची मोकळीक पार्लमेंटला आहे, असा निकाल दिला. ग्रीसने २०१५ साली तेवीस टक्क्यांचा असाच कर आणून त्याच वर्षी गुंडाळला होता. इंग्लंडात तसे काही घडले नाही.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, हे सारे विलायतेचे झाले. आपल्याकडे शाळेच्या फीवर कर कुठे आहे? खरे आहे. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हापासून बारावीपर्यंतची शाळा त्यातून मुक्त आहे, मग फी पाच हजार असो की पाच लाख. सप्टेंबर २०२५ मध्ये वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचाही कर शून्य झाला. कर आहे तो क्लासवर. अठरा टक्के! वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर माफी, त्यामुळे शेजारच्या वाड्यातल्या शिकवणीच्या बाई सुटतात. मोठे क्लास सुटत नाहीत. विलायतेत नेमके उलटे : शाळेवर कर बसला, पण स्वतःच्या नावाने शिकवणी घेणाऱ्या मास्तराची शालेय विषयांची शिकवणी अजूनही करमुक्त आहे.

या उलट्या व्यवस्थेचा अर्थ काय होतो, ते पाहा. ज्याचा मुलगा वातानुकूलित आंतरराष्ट्रीय शाळेत जातो त्याला फीवर एक पैचाही कर नाही. ज्याची मुलगी महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकली आणि आता वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी क्लासला जाते, तो बाप मात्र अठरा टक्के भरतो. विलायतेत कर पडतो तो सर्वांच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्यावर. आपण तो घेतो आहोत तिच्यात राहिलेल्याकडून, मागे पडू नये म्हणून तो जी धडपड करतो तिच्यावर. क्लासवाल्यांचा कैवार घेण्याचे मला कारण नाही. माझ्या अकरावीच्या वर्गात पटावर नव्वद नावे असतात आणि बाकांवर पंधरा डोकी. उरलेली पंचाहत्तर क्लासमध्ये. पण ती तेथे हौसेने गेलेली नाहीत.

मला विचाराल तर एका ठराविक रकमेच्या वरच्या शालेय फीवर आपणही कर घ्यावा, तो त्याच वॉर्डातल्या महापालिकेच्या शाळेला द्यावा, आणि तेवढ्या प्रमाणात क्लासवरचा उतरवावा. ती रक्कम कोणती, येथे मात्र आपल्यांतल्या पुष्कळांच्या कपाळाला आठी पडेल. आपल्या मुलाच्या फीच्या जरा वरची, असेच जो तो म्हणेल. मीही म्हणेन. असो. सुट्टी संपली की क्लासचा पुढला हप्ता आहेच. त्याच्या पावतीच्या तळाशी नऊ टक्के केंद्राचे आणि नऊ टक्के राज्याचे, अशा दोन ओळींत ते अठरा टक्के बारीक टाइपात छापलेले असतात.