चाकांवरची चूल

२६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई येथे बाजूच्या रुळावर उभा असलेला यात्रेकरूंचा डबा पेटला आणि उत्तर प्रदेशातून निघालेले नऊ जण प्राणास मुकले. चोरून आणलेला गॅसचा सिलिंडर हे त्याचे कारण ठरले. रेल्वेतून असा पदार्थ नेणे १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा होता, आणि सिलिंडरही होता!

नुसता यात्रेकरूंना बोल लावून भागणार नाही. परमुलखात घरच्या चवीचे अन्न मिळावे, ही इच्छा अस्वाभाविक नव्हे. महाराष्ट्रातून काशी-रामेश्वराला निघणाऱ्या बसगाड्यांबरोबरही आचारी, शेगडी आणि सिलिंडर जातातच. पहाटेचा चहा आणि रात्रीचा वरणभात यांवरच यात्रा कंपनीची कीर्ती अवलंबून असते. ही चूल केवळ मनाईने विझणार नाही. मनाईने ती लपते, आणि लपविलेला सिलिंडर नेमका बंदिस्त जागी, सामानाखाली, बहुधा आडवा जाऊन पडतो.

या वायूचा स्वभाव येथेच घात करतो. तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्याने गळाला की वर उडून जात नाही. पाण्यासारखा तळाशी साचतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या सुमारास पोचले की एक ठिणगी पुरते. सिलिंडर आडवा असेल, तर वायूऐवजी द्रवच बाहेर येतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. खिडकी उघडी होती, हा युक्तिवाद म्हणूनच फोल होय. वाट हवी ती तळाशी.

अमेरिकेत व युरोपात घरासारख्या सजविलेल्या मोटारी प्रोपेन घेऊन हजारो मैल हिंडतात. तेथे सिलिंडर राहत्या भागापासून पूर्णपणे तोडलेल्या, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात उभा बांधलेला असतो. कप्प्याच्या तळाशी झरोके असतात. गळतीची सूचना देणारे यंत्र छताला नव्हे, जमिनीलगत बसवितात. इंधन भरण्यापूर्वी गाडीतील प्रत्येक ज्योत विझविली जाते.

आपल्याकडे सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे स्वयंपाकाचे सामान वेगळ्या वाहनातून पुढे धाडणे. लहान कंपन्यांना तो खर्च झेपणार नाही, हे मान्य. परंतु शेगडी गाडीबाहेर मोकळ्यावरच पेटविणे, काम संपताच रेग्युलेटर काढून टोपी बसविणे आणि नळीचे जोड साबणाच्या पाण्याने तपासणे, यांस पैसा लागत नाही. हिमालयातील थंडीत काचा लावून शेगडीची ऊब घेण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला गॅससारखा वासही नसतो.

कप्प्याचा नमुना मात्र गॅरेजवाल्याच्या कल्पकतेवर सोडता येणार नाही. तो परिवहन खात्याने ठरवावा, आणि यात्रेच्या गाडीस योग्यता प्रमाणपत्र देताना निरीक्षकाने डिकीही उघडून पाहावी.