तुलनेआधी मांडणी

दोन गोष्टींची तुलना करण्याआधी त्या कुठे ठेवल्या आहेत ते पाहावं, असं माझं मत आहे. ते पक्कं झालं चिपमधल्या ट्रान्झिस्टरांविषयी वाचताना. मी कला शाखेचा माणूस, पण ही गोष्ट समजायला पाटी-पेन्सिल पुरते.

ईसीजीच्या यंत्रात अगदी क्षीण संदेश मोठा करणारी चिप असते. तिच्या दारातच ट्रान्झिस्टरांची एक जोडी बसवलेली असते. दोघांकडे आलेल्या व्होल्टेजमधला फरक ओळखायचा, हे तिचं काम. जोडी सारखी नसेल तर मुळात नसलेला फरकही मोठा होऊन बाहेर पडतो.

गंमत अशी की चिपवर कुठलाच भाग नेमक्या मापाचा होत नाही. रेझिस्टरचं मूल्य पंधरा-वीस टक्क्यांनीसुद्धा चुकतं. पण शेजारी घडलेले दोन रेझिस्टर जवळपास सारखेच चुकतात, म्हणून त्यांचं गुणोत्तर एका टक्क्याच्या आत राखता येतं. बॉब विडलर यांनी १९६५ साली फेअरचाइल्ड कंपनीत केलेल्या ७०९ या चिपची रचना शेजाऱ्यांच्या अशा सारखेपणावरच उभी होती.

तरी शेजारही पुरत नाही. सिलिकॉनच्या पृष्ठावर थरांची जाडी एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे हळूहळू बदलते. एखादा तापणारा भाग एकाला जवळ, दुसऱ्याला लांब पडतो. मग प्रत्येक ट्रान्झिस्टरचे दोन अर्धे करतात आणि ते तिरपे बसवतात: वर अ-ब, खाली ब-अ. समजा त्या चार जागांचं मोल वर १० आणि ११, खाली १२ आणि १३ आहे. अ ला मिळाले १० आणि १३, ब ला ११ आणि १२. दोघांची बेरीज २३. उतार गेला नाही, तो दोघांना सारखा वाटला गेला. शिवाय टोकाचे भाग कडेला असल्यामुळे वेगळे घडतात, म्हणून तिथे बिनकामाचे ट्रान्झिस्टर उभे करतात. दोघांची तोंडंही एकाच दिशेला ठेवतात.

शेतीत हाच विचार आधीपासून आहे. आमच्या आंजर्ल्याजवळ दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी भाताच्या दोन जातींची परीक्षा घेताना एक वरच्या अंगाला आणि दुसरी पाणी साठणाऱ्या खालच्या अंगाला लावत नाहीत. जमिनीचे वाफे पाडून प्रत्येक जातीला सगळीकडे जागा देतात आणि बांधालगतच्या ओळी मोजणीत धरत नाहीत. पानसे आणि सुखात्मे यांनी शेतीसंशोधकांसाठी १९५४ साली लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक याच विद्येचं.

भाताच्या रोपाला आपण जो न्याय देतो, तो मुलांना का देत नाही? निकाल लागला की एका घरातल्या दोन चुलत भावंडांचे गुण शेजारी ठेवले जातात. एक मुंबईत, क्लासला जाणारं. दुसरं गावात, पावसात चालत शाळा गाठणारं. दोघांच्या गुणांतला फरक म्हणजे दोघांतला फरक नव्हे, त्यात जागेचा उतार मिसळलेला असतो. पण गावातलं मूल सोळाव्या वर्षी स्वतःला मठ्ठ समजू लागतं आणि पुढे तसंच वागतं. हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही.

सगळ्यांची परिस्थिती सारखी कशी करणार, असं लोक विचारतात. चिप आखणाराही उतार नाहीसा करत नाही, तो फक्त उतार मोजणीत शिरू देत नाही. आपणही तुलना करायचीच तर एका वर्गातल्या, एका बाकावरच्या मुलांची करावी, आणि वर्गातले बाक आलटून पालटून द्यावेत.

एवढं करूनही थोडा योगायोगाचा फरक उरतोच. मार्सेल पेलग्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवून दिलं की तो निम्मा करायला ट्रान्झिस्टरचं क्षेत्रफळ चौपट करावं लागतं. परीक्षेचंही असंच: योगायोग निम्म्यावर आणायचा तर एकाऐवजी चार परीक्षांची सरासरी घ्यावी लागते. आपण मात्र एकाच परीक्षेवर मुलाचं मोल ठरवून मोकळे होतो.

सिलिकॉनच्या कणाबद्दल माणसं एवढी काळजी घेतात, कारण तिथे चूक झाली की यंत्र लगेच चुकीचा आकडा दाखवतं. मुलं तसं काही दाखवत नाहीत. म्हणून काळजी आपणच जास्त घ्यायला हवी.