अन्नवस्त्र नव्हे, वाटा हवा!

रेल्वे व टपाल कामगार बंधुभगिनींनो,

दक्षिणेच्या सहलीला गेलेला मराठी कामगार तंजावरला उतरला, की बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहून त्याची छाती फुगते. सरफोजी राजांच्या कारकिर्दीत, १८०३ साली, तो कोरला गेला. अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याच राजाच्या काळचे दुसरे एक दप्तर सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेले आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. नेत्ररोग्यांच्या नोंदींचे ते कागद आहेत. रोग्याची तक्रार, त्यावरचे उपचार आणि सोबत डोळ्याची रंगीत चित्रे. डोळा गेला तो मागल्या जन्मीच्या पापाने, असे म्हणून तिथे कोणी हात जोडून बसले नाही. दुखणे काय ते पाहिले, उपाय केला आणि लिहून ठेवले.

हे आज सांगण्याचे कारण आहे. अपंगांच्या हक्कांचा विषय निघाला की पुष्कळजण म्हणतात, ‘आपली संस्कृतीच दयाधर्माची. कायदे आणि मागण्या हव्यात कशाला?’ या म्हणण्याचा एकदा हिशेब झाला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने जीवनमानाची व्याख्या करताना, माणूस ज्या संस्कृतीत आणि मूल्यव्यवस्थेत राहतो तिचा मुद्दाम उल्लेख केला आहे. म्हणजे पाय गेलेल्या माणसाचे आयुष्य कसे जाईल हे एकट्या पायावर ठरत नाही. भोवतालची माणसे त्याला काय समजतात, यावरही ते ठरते. आणि आपल्या परंपरेने त्याला काय समजले? मनुस्मृतीने जन्मांध, बहिरे, मुके, वेडे यांना वडिलोपार्जित मिळकतीतून वगळले आणि त्यांना अन्नवस्त्र मात्र द्यावे असे सांगितले. भाकरी द्या, वाटा देऊ नका! हा नियम पोथीत पडून राहिला नव्हता. वारसाहक्काच्या दाव्यांत तो विसाव्या शतकापर्यंत चालत होता. १९२८ च्या कायद्याने त्याला बराचसा आळा बसला आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग किंवा व्यंग हे कारण कायमचे रद्द केले. भाऊबंदांच्या दयेवर सोडले असते तर ते आजही चालू राहिले असते.

दया खोटी असते असे आमचे म्हणणे नाही. तंजावरच्या छत्रांविषयी सरफोजींनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत सर्व वाटसरूंना तिथे अन्न मिळे, आजाऱ्याला बरे होईपर्यंत औषध व पथ्य मिळे, अनाथ मुलांना पंतोजीच्या हवाली केले जाई. मोठेच काम होते ते. पण ते पत्र लिहावे का लागले? १७९९ मध्ये राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला होता आणि छत्रे चालू राहावीत म्हणून राजालाच विनवणी करावी लागत होती. १८५५ मध्ये गादीही संपली. दान हे देणाऱ्याच्या ऐपतीवर आणि मर्जीवर चालते. जेवणाऱ्याला त्यात बोलण्याचा अधिकार नसतो.

आता आपल्या खात्यांकडे या. अपंग हा कोणी परका नव्हे. शंटिंगमध्ये हात गमावलेला पॉइंट्समन, रुळावर पाय गेलेला गँगमन, नजर अधू झाल्याने गाडीवरून उतरवलेला ड्रायव्हर, अपघातानंतर सायकल चालवता न येणारा पोस्टमन, हे सारे आपलेच सभासद. १९९५ च्या कायद्याच्या कलम ४७ ने सांगितले की नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कोणाला काढता येणार नाही, खालच्या पदावर ढकलता येणार नाही. तरीही पाय कापावा लागलेल्या एका जवानाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा कुठे २००३ मध्ये, कुणाल सिंग खटल्यात, त्याला न्याय मिळाला. २०१६ च्या कायद्याने हेच संरक्षण कायम ठेवले. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे, तेही नसेल तर जादा पद निर्माण करायचे.

कायदा इतका स्पष्ट असूनही घडते काय? मेडिकल अनफिट झालेल्या माणसाला कोपऱ्यातले एक स्टूल मिळते. पगार चालू, काम नाही. साहेब म्हणतो, ‘सांभाळून घेतोय.’ सहकारी म्हणतात, ‘बिचारा’, आणि पाठ फिरली की, ‘फुकट पगारी’. अन्नवस्त्र मिळाले, वाटा नाही! मनूचा नियम मिळकतीतून गेला आणि मस्टरवर येऊन बसला.

नावे बदलून हे सुटणार नाही. अपंगाचा दिव्यांग झाला. तमिळनाडूत ‘माट्रुत्तिरनाळी’, म्हणजे वेगळ्या क्षमतेचा, असा शब्द रूढ झाला. शब्द चांगले आहेत, पण शब्दांना उतार नसतो, त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही. सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये संपली. तुमच्या पोस्टाच्या पायऱ्या आणि स्टेशनचा दादरा बघा, आणि तुम्हीच निकाल द्या.

युनियनलाही प्रश्न विचारलाच पाहिजे. प्रशासनाचा गैरकारभार सांगताना गेट मीटिंगमध्ये ‘आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते’ ही म्हण हमखास येते आणि टाळी घेते. समोर उभ्या असलेल्या अंध टेलिफोन ऑपरेटरने ती टाळी कशी ऐकायची? आणि शाखेच्या कार्यकारिणीत असा एक तरी साथी आहे का?

म्हणून प्रत्येक शाखेने तीन गोष्टी कराव्यात. नोकरीत अपंगत्व आलेल्या प्रत्येक सभासदाची नोंद ठेवावी: दुखापत कशी झाली, काम कोणते मिळाले, बढती अडली का. त्याला खरे काम आणि हक्काची बढती मिळावी ही मागणी पहिल्या पानावर घ्यावी. आणि त्याला कार्यकारिणीत निवडून आणावे, सत्काराचा नारळ देऊन घरी पाठवू नये.

तंजावरच्या मराठी माणसांनी दोनशे वर्षांपूर्वी एकेका रोग्याची नोंद ठेवली. वारसा सांगायचाच असेल तर तो सांगा, आणि आपल्या शाखेचे नोंदवहीचे पहिले पान आजच उघडा.

कामगार एकजुटीचा विजय असो!